पडदा कुठला घ्यायचा?

नवीन पनवेलच्या बाजारात "पडदे दाखवा" म्हटलं की दुकानदार कापडाचे नमुने पुढे टाकतो. अस्तराचं हवं की बिनअस्तराचं, आयलेट लावायचे की चुण्या घालायच्या, रॉड की ट्रॅक, असे त्याचे प्रश्न सुरू होतात. घरात सिनेमा बघण्यासाठी पडदा हवा असेल तर दुकान वेगळं आणि शब्दही वेगळा. तिथे 'स्क्रीन' मागावी लागते. खांदा कॉलनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने घरातली आतली खोली, ११ बाय १४ फुटांची, सिनेमासाठी राखायची ठरवली आणि मला विचारलं, "मामा, पडदा कुठला घेऊ?" मोठा टीव्ही घ्यावा की प्रोजेक्टर, हे त्याला ठरवायचं होतं. मी उलट विचारलं, "खिडकीला काय लावलंयस?" खिडकी पश्चिमेची, ग्रिलची, सरकत्या काचांची. दुपार कलली की ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं आणि रात्री रस्त्यावरचा दिवा त्याची जागा घेतो.

मराठीत झाकतो तो पडदा आणि दाखवतो तोही पडदाच. एकाच शब्दाने ही दोन उलट कामं कशी पत्करली हे बघायला लागलं की सिनेमाच्या खोलीत आधी काय घ्यावं, याचंही उत्तर सापडत जातं.

शब्द फारसीतून आला, मूळ रूप 'परदा'. हिंदीने तो परदा किंवा पर्दा असाच ठेवला, कानडीत 'परदे' झाला. मराठीत आणि गुजरातीत मात्र र गेला आणि ड आला: आपला पडदा, त्यांचा पडदो. हा ड 'पडणे' या क्रियापदाने ओढून आणला असावा असं मला वाटतं. वरून सोडलेलं कापड खाली पडतं, आणि परका शब्द नव्या भाषेत रुजताना ओळखीच्या शब्दाचं बोट धरतोच. गुजरातीतही 'पडवुं' आहे. हिंदीतही 'पडना' आहे हे खरं, पण तिथे फारसी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा राबता मोठा होता आणि त्यांनी मूळ उच्चार ढळू दिला नाही. गंमत म्हणजे 'पर्दाफाश' मराठीत आला तो र घेऊनच. फाश म्हणजे उघड. पडदाफाश असं आपण सहसा म्हणत नाही. तयार जोडशब्द उचलला की त्याचा उच्चारही तसाच येतो, हे त्यातून दिसतं.

मूळचं काम झाकण्याचं. पडदानशीन बायका, गोषातल्या बायका. हा गोषाही फारसी, अर्थ कोपरा. वाड्यांतून चिकाचे पडदे असत, बांबूच्या बारीक काड्यांचे. आतल्या माणसाला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. पडद्याच्या एका बाजूला अंधार आणि दुसऱ्या बाजूला उजेड असला की अंधारातल्याला दिसतं, हा नियम चिकाच्या पडद्याने फार आधीपासून पाळला आहे. सिनेमाच्या खोलीचाही तोच नियम. "आमच्यात कसला पडदा" म्हणताना, काळाच्या पडद्याआड गेलेल्यांची आठवण काढताना, भांडणावर पडदा टाकताना शब्दाचं हे जुनं झाकण्याचं अंग कायम राहतं. शरीरात आणि वाद्यात तो गेला तेव्हा मात्र त्याने वेगळंच काम धरलं. कानाचा पडदा काही झाकत नाही. तो थरथरतो आणि आलेला आवाज पुढे पोचवतो. सतारीचे पडदे स्वराला जागा नेमून देतात. आलेलं झेलणारा पडदा भाषेत सिनेमाच्या कितीतरी आधी तयार होता.

संस्कृत नाटकाकडे पडद्यासाठी आपले शब्द होते. 'यवनिका' हा सगळ्यांत परिचयाचा, आणि तो ऐकला की यवन म्हणजे ग्रीक आठवतात. त्यावरून आपलं नाटकच ग्रीकांकडून आलं असा तर्क एकेकाळी लढवला गेला. पण अभिजात ग्रीक रंगभूमीवर असा पडदाच नव्हता, त्यामुळे तो तर्क टिकत नाही. यवनांच्या व्यापारातून आलेलं कापड, एवढाच त्या नावाचा अर्थ असू शकतो. दुसरं मत असं की मूळ रूप 'जवनिका', वेगाने सरकणारी. प्राकृतातल्या 'कर्पूरमंजरी'त राजशेखराने अंकांना 'जवनिकांतर' असंच नाव दिलं आहे. मला स्वतःला जास्त आवडतो तो 'तिरस्करिणी' हा शब्द. तिरस् म्हणजे आड, पलीकडे. आड करणारी ती तिरस्करिणी. तिरस्कारही याच घरातला. ज्याला दृष्टीआड करावंसं वाटतं त्याचा आपण तिरस्कार करतो. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'त उर्वशी तिरस्करिणी विद्येने अदृश्य होते आणि राजाचं बोलणं ऐकत उभी राहते. म्हणजे ही तिरस्करिणी नुसती आड करत नाही. आडून बघण्याची सोयही करून देते.

आणखी एक शब्द त्या नाटकांतून उचलण्यासारखा आहे, 'पटाक्षेप'. एखादं पात्र घाईगर्दीने, भांबावून येतं तेव्हा पडदा भिरकावून आत शिरतं, तिथली ही रंगसूचना. क्षेप म्हणजे फेकणं. हिंदीत आज पटाक्षेप म्हणजे शेवट, पडदा पडणं. यातला 'क्षेप' पुढे पुन्हा लागणार आहे.

आणि 'नेपथ्य'. जुन्या नाटकात "नेपथ्ये" अशी सूचना आली की आवाज पडद्यामागून यायचा. नेपथ्य म्हणजे नटांची वेशभूषा आणि ती जिथे चढवायची ती मागची जागा. मराठी रंगभूमीवर आज नेपथ्य म्हणजे मंचावर उभारलेलं दृश्य: भिंती, दारं, जिना, झोपाळा. पडद्यामागचा शब्द चालत चालत पडद्यापुढे आला, आणि त्याला कोणी अडवलं नाही.

आता कापडाकडे वळायला हवं, कारण पडदा मुळात कापड आहे आणि कापडाला संस्कृतात 'पट' म्हणतात. मराठीत हा पट इतक्या ठिकाणी पसरला आहे की कापड दिसेनासंच झालं. सोंगट्यांचा पट एकेकाळी कापडाचाच असे. शाळेतला हजेरीपट, त्यावरून पटसंख्या. नाटक कंपन्यांचा कपडेपट. लग्नातला अंतरपाट म्हणजे अंतःपट, मधलं कापड. मराठी माणसाच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा पडदा हाच. दोन टोकांना दोन माणसं धरतात, मंगलाष्टकं संपेपर्यंत तो दोघांना एकमेकांपासून झाकतो आणि तो दूर झाला की समोर माणूस दिसतो. झाकणं आणि दाखवणं एका कापडाने, एका मुहूर्तावर उरकायचं. मांजरपाटातला पाटही पटच. त्याचा मांजराशी संबंध नाही. 'मादरपाट' असंही त्याचं जुनं रूप आहे आणि त्याचा धागा मद्रासकडच्या कापडाशी जोडला जातो.

'चित्रपट' हा शब्द सिनेमासाठी नव्याने घडवला असं अनेकांना वाटतं. सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत चित्रपट, बोलपट यांची नावं घेतली जातात, आणि रूढ करण्याचं श्रेय मोठंच आहे. पण चित्रांचा पट त्याआधी शेकडो वर्षं होता. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याचा हेर यमपट घेऊन दारोदार फिरतो. यमलोकातल्या शिक्षांची चित्रं काढलेलं कापड लोकांना दाखवत गाणी म्हणायची आणि गाता गाता घरातल्या बातम्या काढायच्या. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली. तिथे कापडाऐवजी कागदावरची चित्रं. एकेक पान समोर धरायचं आणि कथा सांगायची. त्याच पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. पांढऱ्या कापडामागे दिवा, कापड आणि दिवा यांच्यामध्ये बाहुली, आणि पुढे बसलेल्यांना दिसते ती तिची रंगीत सावली. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलांसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

चित्रकथीत आणि चामड्याच्या बाहुल्यांत एक मोठा फरक आहे आणि पडद्याची सगळी पुढची कहाणी त्या फरकात आहे. चित्रकथीच्या पटावर चित्र आधीपासून असतं. बाहुल्यांच्या पडद्यावर काहीच नसतं. खेळ संपला की तो कोरा. चित्र ज्यावर राहतं तो पट, चित्र ज्यावर येऊन जातं तो पडदा. सिनेमा आल्यावर मराठीने हा भेद अचूक राखला: चित्रं ज्या फितीवर उमटलेली होती तिला चित्रपट, मूकपट, बोलपट म्हटलं, आणि समोरच्या कोऱ्या कापडासाठी नाटकातला पडदा उचलला.

तो कोल्हापूरकरांच्या हातून कसा उचलला गेला, ते पाहण्यासारखं आहे. त्या काळच्या संगीत नाटक कंपन्यांना रंगवलेले पडदे लागत. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, अरण्याचा पडदा, बागेचा पडदा. प्रवेश बदलला की मागचा पडदा बदलायचा. सर्वांत पुढे दर्शनी पडदा. कोल्हापुरात बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे दोघे असे पडदे रंगवण्यात अव्वल होते, इतके की मेस्त्री हे आडनाव मागे पडून 'पेंटर' हेच नाव झालं. राजवाड्याच्या कमानी सपाट कापडावर खोल वाटाव्यात यासाठी छायाप्रकाशाची जी जाण लागते ती त्यांच्या हातात होती. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागल्यानंतरच्या वर्षांत या दोघांनी सिनेमाचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा स्वतः बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पुरा केला. तोवर पडदे रंगवत आलेल्या माणसाने शेवटी कोरा पडदा निवडला, कारण त्यावर उजेडाने रंगवता येत होतं. मराठी सिनेमाच्या जन्माची गोष्ट मला तरी यापेक्षा नेमकी कुठे सापडत नाही.

गावोगावच्या जत्रांतून तंबूतला सिनेमा फिरू लागला तेव्हा पडदा म्हणजे मांजरपाट, बांबूंना ताणून बांधलेला. गणेशोत्सवात रस्त्यात लावलेल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. पातळ कापडातून चित्र मागेही दिसतं, फक्त उलटं. नायक डावखुरा होतो आणि अक्षरं वाचता येत नाहीत. मात्र कापडातून जेवढा उजेड मागे जातो तेवढा पुढच्यांना कमी पडतो. म्हणून चित्रगृहांत अंगाने भरीव, न झिरपणारे पडदे आले आणि त्यांवर धातूचा चकचकीत मुलामा देऊ लागले. 'रुपेरी पडदा' हा इंग्रजीवरून केलेला शब्द असला तरी ते विशेषण शोभेचं नव्हतं. पडदा खरोखरच चांदीसारखा असे. आपल्या भाषेत आल्यावर या रुपेरीला आणखी एक पदर मिळाला. रुपं म्हणजे चांदी, ते 'रूप्य' वरून, आणि रूप्य म्हणजे ज्यावर रूप उमटवलं आहे ते, ठसा मारलेलं. पाणिनीनेही हा शब्द रूपापासूनच साधला आहे. रूप उमटतं तो रुपेरी पडदा, असं सरळ म्हणता येतं. आज असा धातूचा पडदा घरासाठी घेऊ नये. त्यावरचं चित्र मधोमध भगभगतं आणि कडेला बसलेल्याला मंद दिसतं. चष्मा लावून पाहायच्या त्रिमिती सिनेमाला तो लागतो, कारण साध्या पांढऱ्या कापडावर प्रकाशाचं ध्रुवीकरण टिकत नाही.

पनवेलहून फार लांब नसलेल्या कल्याणात १८९२ च्या सुमारास महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि पडद्यावर मोठं होऊन हलणारं चित्र. वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईने पाहिला तो ७ जुलै १८९६ रोजी, त्याआधीचं हे. शंबर हा मायावी असुर, त्याची विद्या ती शांबरी, म्हणजे जादू. पटवर्धनांनी यंत्रासाठी असं नाव शोधलं याचं मला फार कौतुक वाटतं. पुढे आपण त्याच कुळातल्या यंत्राला 'प्रक्षेपक' म्हणू लागलो. पटाक्षेपातला क्षेप इथे परत आला, पण दिशा बदलून. तेव्हा पात्र पडदा फेकायचं, आता पडद्यावर चित्र फेकलं जातं. प्रोजेक्टरचा लॅटिन अर्थही पुढे फेकणारा हाच, आणि लॅमिंग्टन रोडवरचे दुकानदारही "थ्रो किती आहे?" असंच विचारतात. म्हणजे यंत्र भिंतीपासून किती लांब ठेवणार.

खरं तर मराठी घरात यापेक्षा जुना प्रक्षेपक होता आणि त्याला कोणी यंत्र म्हणत नव्हतं. कौलांच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर पडणारा कवडसा. फट तिरपी असो की चौकोनी, ती लहान असली आणि जमीन पुरेशी खाली असली की कवडसा गोलच पडतो. तो फटीचा आकार नसतो, ते सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात घरभरचे कवडसे चंद्रकोरीसारखे होतात आणि ग्रहण पाहायला बाहेर जावं लागत नाही. पण हा कवडसा दिसतो कधी? घरात काळोख असेल तेव्हाच. दार उघडलं की तो जागेवर असूनही पुसट होतो. उजेडाने काढलेलं चित्र उजेडच खातो.

भाच्याच्या खोलीतली सगळी गोष्ट इथे येऊन ठेपते. प्रोजेक्टर पांढरं पाठवू शकतो, लाल पाठवू शकतो. काळं पाठवू शकत नाही. काळं म्हणजे उजेड न पाठवणं. तेव्हा पडद्यावर जो काळा दिसतो तो पडद्याचा स्वतःचा रंग, खोलीत शिरलेल्या उजेडात दिसणारा. मी त्याला एक गोष्ट करून पाहायला सांगितली. अजून काही विकत न घेता पांढरा कागद भिंतीला चिकटव, सिनेमा ज्या वेळी पाहणार त्या वेळी खिडकी झाकून खोलीत बस, आणि कागद किती पांढरा दिसतो ते बघ. सिनेमातली रात्र यापेक्षा काळी होणार नाही. त्याने खिडकीला साधे पडदे लावून पाहिलं तेव्हा कागद लख्ख दिसत होता. पांढऱ्याऐवजी राखी पडदा घेतला तर काळा थोडा सुधारतो, पण त्याबरोबर पांढराही उतरतो.

डिजिटल सिनेमाच्या मानकात चित्रगृहाच्या पडद्यावर पांढऱ्याची तेजस्विता ४८ निट्स धरलेली आहे. दुकानात मांडलेला टीव्ही काहीशे निट्स देतो, चांगला असेल तर हजाराच्या वर जातो. तरी चित्रगृहातलं चित्र मिणमिणतं वाटत नाही, कारण तिथे बाकी सगळा अंधार असतो. निट हा शब्द लॅटिनमधल्या चमकण्याच्या धातूवरून आला. आपल्या 'नीट' शी त्याचा संबंध नाही. तर चित्राला आधी अंधार हवा, म्हणून खिडकीचा पडदा आधी. दुकानात त्याला 'ब्लॅकआउटचं कापड' म्हणतात. जुन्या माणसांना ब्लॅकआउट म्हटलं की १९७१ ची मुंबई आठवते, काचांना लावलेले काळे कागद आठवतात. एकांकिका करणाऱ्या मुलांना ब्लॅकआउट म्हणजे दोन प्रवेशांमधला अंधार: दर्शनी पडदा पाडायचा नाही, दिवे घालवायचे आणि अंधारात सामान हलवायचं. म्हणजे अंधारालाच पडदा करायचं. आता तोच शब्द कापडाला चिकटला. कापड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त असावं आणि वर पेलमेट हवं, नाहीतर कडेने तिरीप येते. एवढीशी तिरीपही समोरच्या भिंतीवर दिसते.

टीव्हीबाबत मात्र शब्दानेच वेगळी वाट धरली. 'टीव्हीचा पडदा', 'छोटा पडदा' हे आता वर्तमानपत्रात उरलं. घरात आपण स्क्रीन म्हणतो. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्यानंतर आलेल्या लाकडी पेटीच्या टीव्हींना सरकती शटर असत. कार्यक्रम संपले की शटर लावायचं, वर भरतकाम केलेलं कापड टाकायचं. त्या टीव्हीला खरोखरच पडदा होता आणि तो काचेपुढचा. आजच्या टीव्हीला दुरुस्तीवाला 'पॅनेल' म्हणतो: पॅनेल गेलं, बॅकलाइट गेली, उभी लाइन आली. मोबाइलच्या दुकानात त्यालाच 'डिस्प्ले' म्हणतात, आणि काच-टचसकट अख्खा बदलायचा झाला तर 'फोल्डर'. डिस्प्लेचा लॅटिन अर्थ घडी उलगडणं, आणि आपल्या कारागिराने त्याला नाव दिलं घडीवरून. हे त्याने ठरवून केलेलं नाही, पण शब्दांचं असं होतं. स्क्रीन हा शब्द मुळात आडोशाचा. युरोपातल्या घरांत शेकोटीची धग अंगावर येऊ नये म्हणून पुढे ठेवायचं ते स्क्रीन. त्यावर चित्रं रंगवत. आमच्या पडद्यासारखाच तोही झाकता झाकता दाखवू लागला.

लोक टीव्हीला पडदा म्हणेनासे झाले, यामागे नुसती इंग्रजीची हौस आहे असं मला वाटत नाही. पडद्यावर उजेड येऊन पडतो. पॅनेल स्वतः उजेड देतं. ओएलईडीत तर प्रत्येक ठिपका आपापला दिवा आहे. काळा हवा तिथे तो ठिपका विझतो, आणि भिंतीवरचा कागद कितीही लख्ख दिसत असला तरी त्याचं फारसं अडत नाही. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब तेवढं येतं. एलसीडीच्या टीव्हीत मागे दिवे आणि पुढे झडपा, आणि झडपांतून थोडा उजेड निसटतोच. मिनी एलईडीत तो पुष्कळ आवरला आहे. ज्यावर चित्र येऊन पडतं तो पडदा आणि ज्यातून चित्र निघतं ती स्क्रीन, असा भेद बोलीने आपोआप केला आहे आणि तो मला बरोबर वाटतो. आणखी एक भेद: पडदा गुंडाळता येतो. १०० इंची पॅनेलचं खोकं साडेसात फुटांच्या आसपास लांब असतं, ते लिफ्टमध्ये मावत नाही आणि सिडकोच्या जुन्या इमारतीच्या जिन्यात वळत नाही. तेवढाच पडदा नळीत गुंडाळून एक माणूस खांद्यावर आणतो.

क्रियापदंही हे सांभाळतात. खिडकीचा पडदा ओढतात, सारतात, बाजूला करतात. सिनेमाचा पडदा सोडतात आणि गुंडाळतात. घरात दोन्ही पडदे झाले की "पडदा ओढ" आणि "पडदा सोड" यांत घोटाळा होत नाही. विशेषण लागत नाही.

राहिला आकार. त्यासाठी भरताच्या नाट्यशास्त्राइतका चांगला सल्ला नाही. तिथला शब्द 'प्रेक्षागृह', बघण्याचं घर. ग्रीक थिएटरचाही अर्थ बघण्याची जागा हाच, त्यामुळे 'होम थिएटर'चं भाषांतर करायची गरज नाही, भरताने ते करून ठेवलं आहे. वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे होम थिएटर म्हणजे पाच स्पीकर आणि एक डबा, असा ऐकण्याचा अर्थ रूढ झाला होता. तो आता मागे पडतोय. भरताने माणसांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद, म्हणजे साधारण ९६ बाय ४८ फुटांचं, मध्यम प्रेक्षागृह उत्तम मानलं. त्याहून मोठं बांधू नये, कारण आवाज विरतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव शेवटच्या माणसाला दिसत नाहीत. आकार ठरवायचा तो चेहऱ्यावरून.

सिनेतंत्रज्ञ आज हेच कोनात सांगतात: बसलेल्या जागेवरून पडद्याची रुंदी निदान ३० अंशांत दिसावी, सिनेमाच्या खोलीत ४० पर्यंत चालेल. भाच्याच्या १४ फुटी खोलीत डोळे पडद्यापासून ११ फुटांवर येतात. तिथून ६५ इंची टीव्ही जेमतेम २४ अंश भरतो. ८५ इंची घेतला तर ३१. १०० इंची पडदा, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून किंचित उंच, साडेछत्तीस अंश भरतो आणि ११ फुटांच्या भिंतीवर दोन्ही बाजूंना स्पीकरपुरती जागा सोडतो. त्यामुळे या खोलीत, ब्लॅकआउट लावल्यावर, साधा मॅट पांढरा, १ गेनचा (म्हणजे उजेड मधोमध न एकवटणारा) पडदा आणि प्रोजेक्टर, असं माझं मत पडलं. दिवाणखाना असता, जिथे दिवा चालू ठेवून बातम्या, मॅच बघायची, लोक येत-जात राहणार, तर मी बिनदिक्कत टीव्ही सांगितला असता. भिंत पांढरी रंगवून काम भागतं असंही लोक सुचवतात. भागतं, पण गिलाव्यावरची प्रत्येक लाट कॅमेरा आडवा फिरला की दिसते.

ओढून खाली आणायचे, हवे तिथे अडकणारे पडदे दुकानात 'इन्स्टालॉक' नावाने मिळतात आणि स्वस्त असतात. पण त्यांच्या कडा काही महिन्यांत आत वळतात. चौकटीवर ताणलेला पडदा सपाट राहतो, आणि खोली सिनेमासाठीच राखली असेल तर तो रोज गुंडाळायचं कारणच नाही. खांदा कॉलनीचा पाऊस मात्र ध्यानात घ्यायला हवा. बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून पडदा आतल्या भिंतीवर, भिंतीपासून बोटभर सुटा लावायचा. गुंडाळीचाच घेतला असेल तर जून ते सप्टेंबर तो अधूनमधून सोडून पंख्याखाली मोकळा ठेवायचा. पांढऱ्या कापडावर बुरशीचा ठिपका एकदा पडला की तो पुसून जात नाही, आणि पुढच्या प्रत्येक सिनेमातल्या आकाशात तो दिसत राहतो.